१६२६ चा मुंबईवरचा छापा: बेट हातात आलं होतं, मग सोडलं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबर १६२६ मध्ये इंग्रज आणि डच यांनी मिळून पोर्तुगीजांकडून मुंबई घेतली होती असं वाचलं. मग हातात आलेलं बेट त्यांनी सोडून का दिलं, आणि १६६१ मध्ये राजाच्या लग्नात आंदण मिळेपर्यंत पस्तीस वर्षं इंग्रज थांबले कशाला? शेवटी तुम्ही हेही विचारलंय की त्या जागी आज काही बघायला मिळतं का.

या प्रश्नात माझ्या मते एकच शब्द अडतो, तो म्हणजे 'घेतली'. त्या वेळी घेतलं गेलं ते एक घर. बेट घेतलं गेलं नाही, घेण्याचा प्रयत्नही झाला नाही. छापा आणि ताबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि समुद्रावरून येणाऱ्याच्या बाबतीत तर त्यांच्यात फार मोठं अंतर असतं. मी बारा वर्षं व्यापारी जहाजांवर अधिकारी म्हणून काढली आणि त्यानंतरची वीसेक वर्षं जुनी लॉगबुकं, म्हणजे जहाजांच्या रोजनिश्या, वाचण्यात गेली. तेव्हा उत्तर त्याच बाजूने देतो.

आधी काय घडलं ते पाहू. या घटनेची आपल्याकडची सगळ्यात जवळची साक्ष म्हणजे 'डिस्कव्हरी' या इंग्रज जहाजावरचा नाविक डेव्हिड डेव्हिस याची रोजनिशी. इंग्रज आणि डच जहाजं एकत्र मुंबईच्या खाडीत शिरली. १४ ऑक्टोबरला 'मॉरिस' नावाचं इंग्रज जहाज आणि दोन डच जहाजं किनाऱ्यालगतच्या 'मोठ्या घरा'च्या, म्हणजे कोठार, मठ आणि गढी असं तिन्ही एकत्र असलेल्या पोर्तुगीज इमारतीच्या, जवळ गेली आणि त्यांनी तोफा डागायला सुरुवात केली. त्या माऱ्यात मॉरिसच्याच तीन तोफा फुटल्या. त्याच दिवशी इंग्रज आणि डच मिळून तीनशे माणसं किनाऱ्यावर उतरली, त्यांनी लोकांच्या झोपड्या जाळल्या आणि ते मोठं घर ताब्यात घेतलं. तिथे त्यांना दोन लहान पितळी तोफा आणि एक लोखंडी 'सेकर' मिळाली. सेकर म्हणजे साधारण पाच-सहा पौंडी गोळा टाकणारी मध्यम तोफ. १५ ऑक्टोबर, रविवार. सगळी माणसं परत जहाजांवर चढली. निघताना ते घर, आजूबाजूची बरीच चांगली घरं आणि अजून पाण्यात न उतरलेल्या दोन नव्या नौका पेटवून दिल्या होत्या. डेव्हिस शेवटी सांगतो की खजिना आणि किमती चीजवस्तू आधीच हलवलेली होती, कारण माणसं उतरण्यापूर्वीच सगळे पळून गेले होते.

मूळ नोंद अगदी थोड्या ओळींची आहे. पण प्रत्येक तपशिलापाशी थांबलं तर पुष्कळ हाती लागतं.

पहिली गोष्ट तारखेची, कारण यात भलेभले चुकतात. इंग्रज तेव्हा जुनं जुलियन कॅलेंडर वापरत. पोर्तुगीजांनी १५८२ मध्येच नवं ग्रेगोरियन कॅलेंडर घेतलं होतं, हॉलंडनेही त्याच सुमारास. दोन्हींत तेव्हा दहा दिवसांचं अंतर होतं. म्हणजे डेव्हिसचा रविवार १५ ऑक्टोबर हा शेजारच्या डच जहाजावर रविवार २५ ऑक्टोबर होता. वार तोच राहतो, तारीख बदलते. मी कुठलीही जुनी नोंद तपासताना आधी वार जुळतो का ते पाहतो. इथे गणित केलं तर तो दिवस खरोखरच रविवार येतो, आणि नोंदीवरचा विश्वास त्याने वाढतो.

दुसरी गोष्ट चंद्राची. त्याच तारखेवरून मागे मोजत गेलं तर अमावास्या २५ च्या चार-पाच दिवस आधी येते, आणि ती आश्विन अमावास्या आहे. म्हणजे ही जहाजं मुंबईत आली ती दिवाळी नुकतीच उलटली होती तेव्हा, भाऊबीजेच्या आगेमागे. तीनशे माणसं उतरली तो दिवस कार्तिक शुद्ध चतुर्थीच्या आसपासचा. माझं गणित सरासरी चांद्रगतीचं आहे, त्यामुळे एक तिथी इकडेतिकडे होऊ शकते. पण आपल्याकडे किनाऱ्यावरच्या कुणालाही माहीत असलेला हिशेब लावा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास. मोठ्या जहाजाला किनाऱ्याजवळ तोफेच्या पल्ल्यात नेऊन पुन्हा सुखरूप बाहेर काढायचं, आणि होड्यांनी माणसं चिखलात न रुतता कोरड्यावर उतरवायची, तर चढत्या पाण्यावरच काम करावं लागतं. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर ओहोटीला केवढा चिखल उघडा पडतो ते शिवडीला उभं राहून आजही दिसतं. सकाळी तोफा, दुपारी उतरणं, असा क्रम मी यावरून धरतो. नोंदीत तास दिलेले नाहीत, हा माझा अंदाज आहे.

तिसरी गोष्ट त्या दोन नव्या नौकांची. इंग्रजीत त्यांना 'फ्रिगेट' म्हटलंय आणि इथे वाचणारा हमखास फसतो. आज फ्रिगेट म्हटलं की डोळ्यांपुढे नौदलाची मोठी युद्धनौका येते. सतराव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर इंग्रज हा शब्द पोर्तुगीजांच्या हलक्या, शिडाबरोबर वल्ह्यांवरही चालणाऱ्या नौकांसाठी वापरत. किनाऱ्याकिनाऱ्याने तांड्यांची राखण करायला आणि खाड्यांत शिरायला त्या उपयोगी. म्हणून 'दोन युद्धनौका जाळल्या' असं कुठे वाचलंत तर तेवढं दुरुस्त करून घ्या. मला मात्र ही ओळ वेगळ्याच कारणासाठी मोलाची वाटते. मुंबईच्या जहाजबांधणीची गोष्ट आपण १७३६ पासून, सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया आले तिथून सुरू करतो. त्याच्या एकशे दहा वर्षं आधी याच किनाऱ्यावर दोन नौका बांधून होत आल्या होत्या, त्याची ही लेखी नोंद आहे. त्या बांधणाऱ्या सुतारांपैकी एकाचंही नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे. सोडून का गेले?

ही जहाजं बेट जिंकायला निघालेलीच नव्हती, पोर्तुगीज आरमाराच्या मागावर होती. १५८० पासून पोर्तुगाल आणि स्पेनचा राजा एकच होता. डचांचं स्पेनशी युद्ध १६२१ मध्ये पुन्हा पेटलं होतं आणि इंग्लंडही १६२५ पासून स्पेनविरुद्ध युद्धात होतं. १६२२ मध्ये इंग्रज जहाजांच्या मदतीने इराणच्या शाह अब्बासने पोर्तुगीजांकडून होर्मुझ घेतलं. १६२५ च्या फेब्रुवारीत तिथेच नूनो आल्वारेश बोतेल्यू या पोर्तुगीज सेनानीशी इंग्रज-डच ताफ्याची मोठी झुंज झाली, पण निकाल लागला नाही. तेव्हा १६२६ मध्ये त्यांना हवं होतं ते पोर्तुगीजांचं समुद्रावरचं बळ मोडणं. असं आरमार समुद्रावर सापडत नसेल, तर ते जिथे विसावतं, डागडुजी करतं, नव्या नौका बांधतं, ती ठिकाणं जाळायची, ही तेव्हाची सरळ रीत. त्या हिशेबाने छापा सफल झाला: कोठार गेलं, तोफा गेल्या, दोन नौका गेल्या.

दुसरं, ठेवायचं म्हटलं तरी ठेवणार कोण? इंग्रज आणि डच हे गरजेपुरते दोस्त होते. अवघ्या तीन वर्षांपूर्वी, १६२३ मध्ये, आंबोयना बेटावर डचांनी दहा इंग्रजांची डोकी उडवली होती, आणि ती जखम इंग्लंडात शतकभर भरली नाही. मला या नोंदीतली सगळ्यात विलक्षण गोष्ट हीच वाटते, की असे दोघे एकाच दिवशी एकाच किनाऱ्यावर तीनशे माणसं मिळून उतरवतात. पण एका घराच्या दोन किल्ल्या दोघांनी वाटून घेण्याइतका विश्वास त्यांच्यात नव्हता. हे कागदावर कुणी असं लिहून ठेवलंय म्हणून मी सांगत नाही, दोघांचं आधीचं-नंतरचं वागणं पाहून सांगतोय.

तिसरं आणि माझ्या दृष्टीने सर्वात जड कारण: बेटाचं पोट बाहेर होतं. नकाशा समोर ठेवा. उत्तरेला साष्टी, तिच्यापलीकडे वसईचा कोट, पूर्वेला ठाणे, दक्षिणेला करंजा म्हणजे आजचं उरण, आणखी खाली चौल. ही सगळी ठाणी पोर्तुगीजांची. त्यापलीकडचं कल्याण-भिवंडी निजामशाहीत, आणि ज्याच्या जिवावर ती निजामशाही उभी होती तो मलिक अंबर त्याच वर्षीच्या मे महिन्यात वारलेला. मुंबईत बसलेल्या तीनशे माणसांना धान्य, लाकूड, गुरं कुठून येणार? होडी ठाण्याच्या खाडीतून आली तर पोर्तुगीजांच्या नाकासमोरून, करंज्याकडून आली तरी तेच. पुढे इंग्रजांना मुंबई रीतसर मिळाली त्यानंतरही पोर्तुगीज ठाणे आणि करंजा इथे मुंबईला जाणाऱ्या मालावर जकात घेत राहिले आणि ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी वर्षानुवर्षं त्याबद्दल तक्रारी करत राहिले. सलोख्याच्या काळात जी नाकेबंदी एवढी बोचत होती, ती युद्धात काय करती?

आणि कंपनीचा जीव होता सुरतेत. नीळ आणि कापड अहमदाबाद-आग्र्याकडून सुरतेला येई, जहाजं सुवाळीच्या बंदराशी नांगर टाकून ते भरत आणि ठरल्या मोसमात इंग्लंडकडे निघत. मोसम चुकला की वर्ष गेलं. १६२६ च्या मुंबईत त्या मापाचा व्यापारच नव्हता. होते ते नारळ, भात, मासे, मीठ. अशा बेटासाठी माणसं आणि जहाजं गुंतवून ठेवायला कुठला सुरतेचा कोठीवाला तयार होईल?

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. यातलं बरंच काही त्या क्षणाच्या परिस्थितीवर अवलंबून होतं. घरात मोठा खजिना सापडला असता, किंवा बोतेल्यूचं आरमार तिथेच नांगरलेलं मिळून नष्ट झालं असतं, तर पुढच्या चर्चा निराळ्या झाल्या असत्या. कोण पुढारी आहे, हाताशी किती दारूगोळा आहे, किती माणसं आजारी आहेत, यावरही असे निर्णय फिरतात. पण मूळ अडचण, म्हणजे वेढलेलं बेट आणि बाहेरून येणारं अन्न, कशानेही सुटली नसती.

ताब्याची किंमत काय असते ते पुढच्याच पिढीत दिसलं. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या राजाला, दुसऱ्या चार्ल्सला दिली. १६६२ मध्ये सर अब्राहम शिपमन पलटण घेऊन आला, तर इथल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी बेट सोपवायला नकार दिला. सुरतेला उतरण्याची सोय नाही, परत जायची सोय नाही, म्हणून ती माणसं कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन राहिली. तिथे त्यांच्यातले बहुतेक तापाने आणि उपासमारीने गेले, १६६४ मध्ये शिपमनही गेला. शेवटी १८ फेब्रुवारी १६६५ रोजी हम्फ्री कुकने उरलेल्या मूठभर लोकांनिशी मुंबईचा ताबा घेतला. लेखी करार हातात असून, शत्रू नसताना, ही गत. १६२६ मध्ये तर करारही नव्हता आणि भोवती शत्रू होता.

'पस्तीस वर्षं थांबले कशाला' याचं उत्तरही यातूनच येतं. मधली वर्षं ते थांबून नव्हते, धोरणच बदललं होतं. १६३५ च्या जानेवारीत सुरतेचा अध्यक्ष विल्यम मेथवोल्ड गोव्याला गेला आणि त्याने व्हाइसरॉय कोंद द लिन्यारेश याच्याशी तह केला. लढण्यापेक्षा पोर्तुगीज बंदरं वापरायला मिळणं दोघांनाही स्वस्त पडत होतं. १६४० मध्ये पोर्तुगाल स्पेनपासून सुटला आणि त्याला डचांविरुद्ध मित्र हवा झाला. ज्या डचांबरोबर इंग्रजांनी मुंबई जाळली त्यांच्यापासून वाचण्यासाठीच पोर्तुगीजांनी पुढे ती इंग्रजांना दिली. १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला दहा पौंड खंडाने कंपनीला देऊन टाकली.

आणि १६७३ मध्ये ते डच खरोखर आले. रायक्लॉफ फान खून्स बावीस जहाजांचा ताफा घेऊन मुंबईसमोर उभा राहिला. त्या वेळी किनारा मोकळा नव्हता. गव्हर्नर जेराल्ड आँजियरने तोफा मांडल्या होत्या, लोकांचं शिबंदी दल उभं केलं होतं, त्यात सोटे घेतलेले भंडारीही होते. डचांनी पाहणी केली आणि ते हल्ला न करता निघून गेले. सत्तेचाळीस वर्षांत बेट तेच होतं, समुद्र तोच होता. फरक एवढाच, की आता तिथे राहणाऱ्यांना राखायला काहीतरी होतं आणि कुणीतरी त्यांना त्यासाठी उभं केलं होतं.

याच कारणाने मला १६२६ च्या नोंदीतलं 'सगळे पळून गेले होते' हे वाक्य सहज सोडवत नाही. 'सगळे' म्हणजे कोण? मोठ्या घरातले पोर्तुगीज आणि पाद्री किमती सामान घेऊन गेले, हे कळतं. त्यांच्याकडे होड्या होत्या आणि साष्टीत जायला ठिकाण होतं. पण जळाल्या त्या घरांसाठी डेव्हिसने वापरलेला शब्द झावळ्यांनी शाकारलेल्या घरांचा आहे. ती कोळ्यांची, भंडाऱ्यांची, कुणब्यांची घरं. त्यांचं या युद्धाशी काही देणंघेणं नव्हतं. चुडतांचं छप्पर हंगामात पुन्हा घालता येतं. पण दिवाळीनंतर नुकतंच घरात आलेलं भात, वाळत घातलेली जाळी, मडक्यांतलं बियाणं? याची मोजदाद ना इंग्रजांनी केली, ना पोर्तुगीजांनी. तुम्ही या घटनेवर काही लिहिणार असाल तर माझी एवढी विनंती आहे: 'इंग्रज-डचांनी पोर्तुगीज मुंबई जाळली' असं लिहिताना जळालेली बहुसंख्य घरं पोर्तुगीजांची नव्हती, हे एक वाक्य जरूर घाला.

लॉगबुक वाचण्याबद्दलही एक गोष्ट. ही नोंद जहाजावर बसून, जहाजमालकांनी वाचायची म्हणून लिहिलेली आहे. फुटलेल्या तोफा त्यात येतात कारण त्यांची किंमत कुणीतरी विचारणार. मिळालेल्या तोफा येतात त्याही त्यासाठीच. खजिना हाती लागला नाही हे तर मुद्दाम सांगितलेलं आहे, कारण लूट मिळाली असती तर तिचा हिशेब द्यावा लागला असता. तेव्हा 'काही मिळालं नाही' हे मी पूर्ण खरं मानत नाही आणि खोटंही ठरवत नाही. पोर्तुगीज कागदांत याच दोन दिवसांचं काय वर्णन आहे ते शेजारी ठेवून वाचावं.

आता ती जागा. डेव्हिसच्या लेखी ते मोठं घर कोठार, मठ आणि गढी असं तिन्ही एकत्र होतं. मुंबई बेट सोळाव्या शतकात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याकडे खंडाने होतं आणि हे घर त्याच्याशी जोडलं जातं. तो १५६८ मध्ये वारला, म्हणजे छाप्याच्या अठ्ठावन्न वर्षं आधी. आग लागली तरी घर मुळापासून गेलं नाही. त्याच जागी पुन्हा वस्ती झाली, आणि १६६५ मध्ये मुंबई सोपवल्याचा कागद झाला तो दोना इग्नेश द मिरांदा या तिथल्या मालकिणीच्या घरी. इंग्रजांनी त्याभोवती तट बांधला, तोच मुंबईचा किल्ला. आज तिथे नौदलाचं आयएनएस आंग्रे हे ठाणं आहे. फोर्टमधल्या एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्या उजवीकडे ठेवून मागच्या रस्त्याने गेलात की त्याची भिंत लागते. आत सर्वसामान्यांना प्रवेश नाही, आणि समुद्रही तिथून दिसत नाही, कारण पुढची गोदीची जमीन भराव घालून केलेली आहे. मॉरिस आणि त्या दोन डच जहाजांनी जिथे उभं राहून तोफा डागल्या, ती जागा बहुधा आज जमिनीवरच आहे.